कॅप बसली, पण चावत नाही

"काय गं, आज पण भाकरी दुधात? काबरं, बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय काकू! उजव्या दाढेला कॅप बसवली ना दिवाळीआधी. त्या बाजूला घास नेला की कळ थेट कानात जाते."

"मग डॉक्टर काय म्हणे?"

"म्हणे नवीन आहे, सवय होईल."

"सवय! नवी चप्पल लागते, ती चार दिवसांनी सैल होते. झिरकोनिया कसला सैल होतोय? झिजलाच तर समोरचा दात झिजेल. माझा भाचा उधन्याला दातांच्या लॅबमध्ये आहे. तो सांगतो, कॅप केसाएवढी उंच राहिली तरी तोंड मिटताना आधी तीच टेकते, सगळा भार त्या एका दाढेवर. रूट कॅनल झालेलं असलं तरी मुळाभोवती दुखतंच. तुला तो निळा कागद चावायला दिला होता का?"

"दिला होता ना, टकटक करा म्हणाले. पण हिरडीला इंजेक्शन दिलेलं, अर्धं तोंड बधिर. कुठं टेकतंय ते कळायला तर पाहिजे! मी आपली मान डोलावली."

"तिथंच सगळे फसतात. बधिरपणा उतरल्यावर परत जायचं, कागद परत चावायचा. गडद ठिपका पडेल तिथं घासून देतात. दोन मिनिटांचं काम."

"अजून एक आहे. परवा पोंक आणला होता, तर एकेक दाणा कॅप आणि शेजारच्या दाताच्या मध्ये. काडीनं काढता काढता रक्त आलं."

"माय वो! मग हे घासून नाही भागायचं. फट राहिली की अन्न अडकणार, हिरडी सुजणार, बाजूचा चांगला दात किडणार. अशी कॅप बहुतेक नवीच करावी लागते. आणि पक्क्या सिमेंटनं बसवली असेल तर कापून काढतात, म्हणजे ती गेलीच. म्हणून आधी कच्च्या सिमेंटवर बसवा, खाऊन-पिऊन बघते, असं म्हणायचं असतं."

"हे तुम्ही आधी नाही सांगितलं!"

"तू विचारलंस कधी? भिंतीपलीकडून फक्त कढीपत्ता मागतेस." काकूंनी इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "तुझं निदान आत आहे. त्या मास्तरीणबाईचा पुढचा दात पाहिलास? जळगावला लग्नात प्रत्येक फोटोत तोंडावर पदर."

"पांढरा फटक आहे खरा."

"नवरा पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये मास्तर. साडीचा शेड उजेडात नेल्याशिवाय पास करत नाही म्हणे. आणि बायकोच्या दाताचा शेड ठरला संध्याकाळी, ट्यूबलाइटखाली, तो पण दात घासून कोरडा झाल्यावर! कोरडा दात असतो त्यापेक्षा पांढरा दिसतो. दिवसाउजेडी, काम सुरू व्हायच्या आधी शेड घेतला असता तर ही पाळी आली नसती."

"मग मी काय करू? जाऊन भांडू?"

"भांडतेस कशाला? सकाळची वेळ घे. नुसतं 'दुखतंय' म्हणू नको. चावताना दुखतं की गार पाण्यानं, कुठल्या दातामागं अडकतं, ते नीट सांग. एक्स-रे काढायला सांग, फट त्यात बहुतेक दिसते. झिरकोनियाचं वॉरंटी कार्ड मिळालं असेल तर घेऊन जा. नाहीच ऐकलं तर सिव्हिलला दाखव. शेवटी ग्राहक आयोग आहेच. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, आणि दिलेले पैसे 5 लाखांच्या आत असतील तर फी पण नाही. पक्कं बिल आहे ना?"

"बिल कुठलं... चिठ्ठीवर आकडा लिहून दिलाय."

"मग उद्या गेल्या गेल्या आधी बिल माग. दाढेचं त्यानंतर बोल."