पेशीवाले सर

हिंगोलीच्या रामलीला मैदानावर पहाटे डॉक्टरांनी पाठवलेली माणसं येतात, बायकोने हाकललेली येतात. स्वतःहून येतात ते एकटे पेशीवाले सर. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं, आता निवृत्त. पांढरा पायजमा, खाली नातवाने टाकून दिलेले हिरवे बूट, आणि मार्च सरत आला तरी डोक्यावर कानटोपी. हातात काठी असते, पण ती टेकायला नव्हे. फळ्यावर दाखवायची सवय जात नाही, म्हणून.

"राम राम सर, काय म्हणता?" असं सहज विचारावं, तर उत्तर येतं, "मी काय म्हणणार? माझ्या मांडीतल्या पेशी काय म्हणायलेत ते विचारा." आणि सर थांबतात. मैदानाला एक चक्कर मारायला लोकांना लागतो त्याच्या चौपट वेळ सरांना लागतो, कारण समजावून सांगताना पाय चालत नाहीत. व्यायामाचे फायदे उभ्याने सांगणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

मार्केट यार्डातले एक हळदीचे अडते आहेत. शुगर वाढली म्हणून यायला लागले. सरांनी त्यांना पहिल्याच दिवशी धरलं. खाली वाकून काठीने धुळीत एक वेडावाकडा गोल काढला, आत चार खडे ठेवले. "ही तुमच्या पोटरीतली पेशी. हे खडे म्हणजे ग्लूट-फोर. साखर आत घेणारे दरवाजे! पण बसलेत कुठं? आत, माजघरात. दरवाजा माजघरात ठेवून काय उपयोग?" मग एकेक खडा बोटाने सरकवत गोलाच्या कडेला आणला. "इन्शुलिन आलं की हे कडेला येतात. तुमचं इन्शुलिन रुसलंय. पण स्नायू आवळला की इन्शुलिनला न विचारता हे आपलेआप कडेला सरकतात. म्हणून चाला!" अडते म्हणाले, "सर, चालतोच की. तुम्हीच धरून ठेवलंय." सरांना ते ऐकू गेलं नाही. ते पुढच्या मुद्द्यावर गेले होते: चालण्याचा हा गुण फार तर एक-दोन दिवस टिकतो, म्हणून लागोपाठ खाडा करायचा नाही.

याच मैदानावर पोलीस भरतीची पोरं सोळाशे मीटरची तयारी करतात. राखीव दलाचा बारा नंबरचा गट गावातच, त्यामुळे खाकी वर्दी पोरांच्या डोळ्यांसमोरच असते. एक पोरगं लंगडत आलं. "सर, काल पळालो. पायात लॅक्टिक अॅसिड साचलंय." सरांचा चेहरा वर्गात कुणी पृथ्वी चपटी म्हणावी तसा झाला. "कालचं? अरे, ते तासाभरात निघून जातं. तुझं हृदयच ते इंधन म्हणून जाळतं. हे दुखणं म्हणजे तंतूंना बारीक इजा झाली, तिची डागडुजी चालू आहे. पेशीत मायटोकाँड्रिया वाढतील, मग दम टिकेल. आणि ते मायटोकाँड्रिया तुला आईकडूनच आलेत बरं, बापाकडून नाही."

दुसऱ्या दिवशी पोराची आई मैदानावर हजर. हळद काढायला जाता जाता, डोक्याला रुमाल, हातात डबा. "सर, पोराच्या पायात माझं काय हाय म्हणता?" सरांनी तिला सगळं सांगितलं, धुळीतल्या चित्रासकट. बाईंनी नीट ऐकून घेतलं. "मंग बापाचं काय हाय?" सर जरा विचारात पडले. "नाक दिसतंय." बाई हसत शेताकडे गेल्या. तिला व्यायाम सांगायची सरांची छाती झाली नाही, आणि हे त्यांना शोभून दिसलं.

सरांचा एक गुण मात्र मानावा लागेल. ठाऊक नाही ते ठोकून देत नाहीत. 2012 साली हार्वर्डच्या स्पीगलमन यांच्या गटाने व्यायामाने स्नायूतून सुटणारं आयरिसिन शोधलं, हे ते रंगवून सांगतात, पण कुणी "मग त्याची गोळी कामून नाही?" म्हणालं की आवाज खाली येतो. "उंदरांत दिसलं. माणसांत किती चालतं यावर शास्त्रज्ञ अजून भांडायलेत." कुणी फारच कंटाळलं तर औंढ्याजवळ होणाऱ्या लायगो वेधशाळेचा दाखला निघतो: "तिथं प्रोटॉनहून बारीक हालचाल मोजणार आहेत. त्या जिल्ह्यात राहून तुम्हाला पेशी बारीक वाटते?"

घरी मात्र सरांचं फार चालत नाही. काकू चहा पुढे ठेवतात आणि विचारतात, "पेशींना साखर चालेल का आज?" सर दोन घोट घेतात, फिका चहा सोसतात आणि म्हणतात, "आत बघ, आत!" काकू आत जातात, स्वयंपाकघरात. दिवसभर त्यांचे स्नायू सरांपेक्षा दुप्पट आवळतात. पण ते सरांनी अजून मोजलेलं नाही.

अडत्यांचं सांगायचं राहिलं. ते आता रात्री जेवल्यावर यार्डाच्या रस्त्याने पंधरा मिनिटं चालतात, एकटेच, सरांना चुकवून. जेवणानंतर चाललं की साखर फार उसळत नाही, हे त्यांना सरांनीच सांगितलेलं. तुम्हीही कधी हिंगोलीला आलात तर सरांना जरूर भेटा, पण प्रश्न चालता चालता विचारा. थांबून विचारलात तर तेवढी चक्कर बुडाली म्हणून समजा.