वेताळकाका

कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३चं आणि डोंबिवलीत २०१७ साली नव्वदावं साहित्य संमेलन भरलेलं. एवढ्या पुण्याईवर या पट्ट्यात वाचक उदंड पिकले. त्यातल्या एका वाणाकडे मात्र समीक्षकांचं दुर्लक्ष झालंय. तो वाण म्हणजे वेताळकाका.

आमच्या डब्यातले वेताळकाका निवृत्तीला टेकलेत. सकाळी डोंबिवलीहून उलटे कल्याणला जातात आणि खिडकी पकडून परत येतात. वेताळाच्या बोटात असते तशी कवटीची अंगठी करून घ्यायची होती, काकूंनी मंजुरी दिली नाही. ली फॉकने १९३६ साली चित्रकथेत फँटम हा मुखवटेधारी नायक आणला, १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्सने तो आपल्याकडे आणला आणि मराठीत त्याचा वेताळ झाला, हे ते नव्या माणसाला दिव्यापासून मुंब्र्यापर्यंत सांगतात. स्वतःचे अंक आईने रद्दीत घातले, त्यामुळे पुरावा मागायची सोय नाही.

अशा माणसाला फोर्टच्या फुटपाथवर फँटमची कादंबरी मिळाली. १९७२ ते १९७५ दरम्यान एव्हन या अमेरिकी प्रकाशनाने अशा पंधरा काढल्या होत्या. आत नुसता मजकूर. काकांनी ती, आचारी दुसऱ्याच्या लग्नात पंगतीला बसून भाजी चाखतो, तशी वाचली. समासात पेन्सिलीने शेरे पडले : 'इथे ठोसा हवा होता.' 'वेताळाची डायना एवढं बोलत नाही.' 'जंगल कमी.'

मग पुस्तक ग्रुपमध्ये फिरलं. कल्याणकरांचं मत पडलं, एका चौकटीत होणाऱ्या कामाला अडीच पानं कशाला? ठाण्याला चढणाऱ्यांनी घाटकोपरपर्यंत शेवटचं प्रकरण वाचलं आणि 'अपेक्षित' एवढंच म्हणून पुस्तक पुढे दिलं. आयटीतल्या पोराने विचारलं, "काका, हा बॅटमॅनवरून उचललाय का?"

"बॅटमॅन एकोणचाळीसचा!" काका उभे राहिले. खिडकी सोडून उभे राहिले, यावरून प्रसंगाचं गांभीर्य ओळखा. "वेताळ तीन वर्षांनी थोरला आहे."

मला विचाराल तर कादंबरी वाईट नव्हती. पिढीजात वेताळांपैकी एकविसाव्याचं लहानपण तिच्यात आहे. जंगलात वाढलेला पोरगा अमेरिकेत नातेवाइकांकडे शिकायला जातो. चित्रकथेत मुखवट्याखाली काय चाललंय ते कधी दिसत नाही. इथे त्या पोराचं बुजणं आणि घरची आठवण बऱ्यापैकी उतरली आहे. त्याच पानावर काकांचा शेरा होता : 'वेताळ शाळेत जात नाही.'

या मालिकेतल्या सगळ्याच कादंबऱ्या फॉकच्या नव्हेत. काही रॉन गूलार्टने फ्रँक एस. शॉन या टोपणनावाने लिहिल्या. हे कळल्यावर काकांचा चेहरा फुलला. "तरीच! परका माणूस. त्याला वेताळ काय कळणार?"

"पण काका, ही खुद्द फॉकची आहे," मी मुखपृष्ठावर बोट ठेवलं.

काकांनी नाव वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. "असेल. पण फॉकला तरी काय माहीत?"

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. ज्याने पात्र जन्माला घातलं त्यालाच गैरहजर धरल्यावर बाकीच्यांनी कुठे जायचं?

खरी ठिणगी पोशाखावरून पडली. वेताळ स्वीडनमध्ये निळा छापतात आणि इटलीत लाल, हे काकांना कळलं तेव्हा त्यांनी दोन्ही देशांचा पोच काढला. वेताळ जांभळाच, इंद्रजालमध्ये पहिल्यापासून जांभळा! ठाण्याचे एक गृहस्थ त्या वेळी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सॅकमधून प्लॅस्टिकच्या पिशवीतला इंद्रजालचा सुरुवातीचा एक इंग्रजी अंक काढला. आतला वेताळ निळा होता, स्वच्छ निळा.

मुलुंड मागे पडेपर्यंत काका अंक न्याहाळत राहिले. मग त्यांनी पेन्सिल काढली आणि कुणी हात धरायच्या आत निळ्या वेताळाशेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'छपाईची चूक.'

तो अंक मालकाला केवढ्याला पडला होता, हे आम्हाला त्यांच्या पुढच्या वाक्यातून कळलं. ते वाक्य इथे छापता येत नाही.