अंदाज आपापला

पुण्या-मुंबईत सध्या कंटेंट क्रिएटर घडवायचे वर्ग तेजीत आहेत. फी भरली की ज्ञान मिळतं : एकच विषय धरा, लोकांच्या भाषेत बोला, सतत दिसत राहा. परभणी जिल्ह्यात हा अभ्यासक्रम कधीच पुरा झालाय. सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे पंजाबराव डख मोबाइलवर पाऊस सांगतात आणि पेरणी खोळंबलेला शेतकरी कान टवकारून ऐकतो. विषय एक, ग्राहक ठरलेला, आणि गरज अशी की दर जूनमध्ये नव्याने उगवते. स्टार्टअपवाल्यांनी हेवा करावा!

गंमत अशी की याच जिल्ह्यात १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. तिथून दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानावर आधारित कृषी सल्ला निघतो. पाठीशी १८७५ सालचं हवामान खातं, उपग्रह, रडार, सगळा जामानिमा. सल्ला मराठीतच असतो, पण परिपत्रकाच्या मराठीत : ‘तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता.’ तुरळक म्हणजे फार तर २५ टक्के केंद्रांवर, हे खात्याला ठाऊक. शेतकऱ्याचा प्रश्न साधा असतो : त्यात आमचं शिवार येतं का नाही? डख थेट तारखा सांगतात, जिल्ह्यांची नावं घेतात. शास्त्रज्ञ म्हणतात, पाच दिवसांच्या पुढे अचूकता घसरत जाते, इतक्या आधी नेमकी तारीख देता येत नाही. अगदी खरं आहे. पण ‘शक्यता’ ऐकून कोणी तिफण जुंपत नाही, तारीख ऐकून जुंपतो.

आता हिशेब बघा. अंदाज चुकला तर खातं सुधारित पत्रक काढतं. मोबाइलवाला पुढचा व्हिडिओ काढतो. यूट्यूबची जाहिरात दोन्ही व्हिडिओंवर सारख्याच इमानाने चालते. शेतकरी मात्र सोयाबीनची दुसरी बॅग काढतो, तीही उधारीवर. क्रिएटर इकॉनॉमी म्हणतात ती हीच : बोलण्याचा नफा बोलणाऱ्याला, ऐकण्याचा तोटा ऐकणाऱ्याला. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा विद्यापीठाचा आणि कृषी विभागाचा जुनाच सल्ला दुबार पेरणी वाचवू शकतो. पण तो एका ओळीत संपतो, दरवर्षी तोच असतो आणि त्यात थरार नाही. त्याला व्ह्यूज कसे मिळणार?

फॉलोअर म्हणजे भांडवल, असंही त्या वर्गांत शिकवतात. त्याची परीक्षा परभणीतच झाली. २०२४ च्या लोकसभेला वंचित बहुजन आघाडीने डखांना उमेदवारी दिली. २६ एप्रिलला मतदान झालं, निवडून आले शिवसेनेचे (उबाठा) संजय जाधव. ऐकणारे महाराष्ट्रभर पसरलेले, मतदान मात्र एकाच मतदारसंघात. शिवाय सबस्क्राइब करताना कोणी जात विचारत नाही, मत देताना विचारतात. आभाळाचं ऐकायचं एकाकडून आणि बटण दाबायचं दुसऱ्याचं, एवढा व्यवहार आमच्या मतदाराला कळतो.

मोबाइलवरून सल्ला देण्यात सरकारही मागे नाही. २०२५ मध्ये ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर झालं, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी ठेवले. ‘महाविस्तार’ ॲपमधला चॅटबॉट मराठीत उत्तरं देतो. चांगलंच आहे. पण अंदाज हुकला तर चॅटबॉटला पारावर अडवून ‘काय हो, कुठंय तुमचा पाऊस?’ असं कोण विचारणार? ज्याला चार शिव्या घालता येतात त्याच्यावर गाव विश्वास टाकतं. ॲपला ती सोय नाही आणि साहेबाला गाठायचं तर आधी अर्ज करावा लागतो.

म्हणजे ज्याला माहीत आहे तो पत्रक लिहितो आणि ज्याला बोलता येतं तो तारीख ठोकतो. दोघांच्या मधल्या चिखलात शेतकरी उभा. विद्यापीठाने ‘परभणी क्रांती’ भेंडी दिली, लोह आणि जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ ज्वारी दिली. आता बांधावर उभं राहून गावाशी सरळ बोलणाऱ्या शास्त्रज्ञाचं एक वाण काढावं. नाव आम्ही सुचवतो, फुकट : ‘परभणी उक्ती’.