साडी गार्ड

भाच्याने पल्सर घेतली तेव्हा ताईने बिल्डिंगभर पेढे वाटले होते. गेल्या महिन्यात त्याच पल्सरवर त्याने किट चढवलं आणि ताईचा मला फोन आला. "एकदा येऊन जा. गाडी ओळखू येत नाहीये."

मी वाकोल्याला गेलो. खरंच ओळखू येत नव्हती. दशावतारात गावचा पोस्टमन रावण होतो तेव्हा निदान आवाजावरून तरी कळतं, की हा आपलाच. इथे आवाजही बदललेला. पुढे टोकदार चोच, दोन्ही बाजूंना लालभडक फायबरचं आवरण, म्हणजे फेअरिंग, पोटाशी बेली पॅन, टाकीवर तीन परदेशी ऑइल कंपन्यांचे स्टिकर. इंजिनात पडणारं ऑइल चौथ्याच कंपनीचं.

"हायाबुसा वाटते ना, मामा?"

हायाबुसा म्हणजे जपानीत बहिरी ससाणा. सुझुकीने १९९९ साली आणलेली, तेराशे सीसीची, ताशी तीनशेच्या पुढे जाणारी गाडी. आपल्या पोरांना ती भेटली पडद्यावर. २००४ च्या 'धूम'मध्ये जॉन अब्राहम तिच्यावरून पसार झाला आणि तेव्हापासून गल्लोगल्लीच्या दीडशे सीसींना आपण मागच्या जन्मी ससाणा होतो असं वाटू लागलं. भाचा तेव्हा पाळण्यात होता, पण अशा गोष्टी अंगी मुरतात. ससाण्याचं मला माहीत नाही. 'बहिरी' एवढं मात्र जमलंय. सायलेन्सर बदलल्यापासून तळमजल्यावरचे आजोबा कानाचं मशीन काढूनच बसतात.

किटचा एक तुकडा खडखडत होता, म्हणून भाचा मला मागे बसवून सीएसटी रोडला निघाला. 'बसवून' हा शब्द सवयीने लिहिला. मागची सीट आता सीट राहिलेली नाही, ती फळी आहे आणि ती पुढच्या सीटपेक्षा वीतभर उंच आहे. धरायला होती ती दांडी काढून टाकलेली. मी भाच्याच्या खांद्यांना असा लटकलो होतो, की कलिन्याच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षातल्या बाईंनी "काका, उतरा आणि रिक्षा करा" असा सल्ला दिला.

हा सीएसटी रोड म्हणजे छत्रपती शिवाजी टर्मिनसचा नव्हे. १९२८ ते १९३४ अशी सहा वर्षं अंधेरी ते ट्रॉम्बे एक छोटी रेल्वे चालायची, सेंट्रल साल्सेट ट्रामवे. ती बंद पडली, नाव रस्त्याला चिकटून राहिलं. आता त्या नावाच्या रस्त्यावर ओळीने गाड्यांचे सुटे भाग, सीट कव्हर, हॉर्न आणि दिवे विकतात. गाडी गेली तरी अ‍ॅक्सेसरी टिकते, याचा याहून जुना पुरावा मुंबईत नसावा.

मेकॅनिक फुटपाथवरच उकिडवा बसला. फेअरिंगचं भोक आणि गाडीचं भोक यांत बोटभर अंतर. त्याने डोळा बारीक केला, कानस घेतली आणि म्हणाला, "थोडा घिसना पडेगा. बैठ जाएगा." घासलं. बसलं नाही. मग हीट गनने फायबर गरम केलं, गुडघ्याने दाबलं, लाल रंगाला केसाएवढी भेग गेली. त्यावर स्टिकर आला. चौथा. उरलेलं अंतर त्याने झिप टायने आवळलं आणि टोक पकडीने कापलं. "बैठ गया." तीनशेच्या स्पीडचा सगळा रुबाब दीड रुपयाच्या प्लास्टिकच्या पट्टीवर उभा आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलं. भाच्याने पाहिलं नाही. तो तेव्हा शेजारच्या दुकानात निळे एलईडी बघत होता.

फेअरिंग ही मुळात थट्टेची वस्तू नाही, हे कबूल. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी वीसला जेवढा, त्याच्या छत्तीसपट एकशेवीसला. म्हणून इटलीतल्या मोटो गुझीने १९५० साली मोटरसायकलींसाठी वाऱ्याचा बोगदा बांधला. म्हणून शर्यतीत पुढच्या चाकासकट सगळं झाकणारी आवरणं आली. त्यांना इंग्रजीत 'कचऱ्याचा डबा' म्हणत, आणि आडव्या वाऱ्यात ती गाडीसकट स्वाराला उडवत, म्हणून १९५७ नंतर त्यांच्यावर बंदी आली. तेव्हा वाऱ्याला चिरत जाणं हे खरं काम आहे. प्रश्न एवढाच, की संध्याकाळी सात वाजता वाकोला पुलावर चिरायला वारा कुठे आहे? तिथे ताशी वीस म्हणजे पुण्याई. फेअरिंगने होतं ते इतकंच, की इंजिनाची सगळी धग निघून थेट मांडीवर येते. भाचा म्हणतो, थंडीत बरं वाटतं. मुंबईची थंडी!

बरं, वेगाने जायचंच म्हटलं तर जायचं कुठे? सी लिंकवर दुचाकीला बंदी. ईस्टर्न फ्रीवेवर बंदी. अटल सेतूवर बंदी. कोस्टल रोडवर बंदी. समृद्धी महामार्गावर बंदी. या राज्यात जिथे जिथे वेगाने जाता येतं तिथे तिथे हायाबुसाला आणि तिच्या तोतयाला सारखाच मज्जाव आहे. उरला वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे, ज्याच्या नावातला 'एक्स्प्रेस' हा मधला शब्द कुणीतरी विनोदबुद्धीने घातला असावा.

पण मला खरं बोलायचंय ते लावलेल्या गोष्टींबद्दल नाही. काढलेल्या गोष्टींबद्दल आहे. परतल्यावर मी गॅलरीतला ढीग पाहिला आणि ओळीने मांडला. मूळ सायलेन्सर: तो असतो शेजाऱ्यांसाठी. मागचं मडगार्ड: मागून येणाऱ्याच्या तोंडावर चिखल उडू नये म्हणून. इंडिकेटर: मागच्याला कळावं म्हणून. पकडायची दांडी, मागच्या सीटचा फोम: मागे बसणाऱ्यासाठी. ढिगात नव्हती ती नंबरप्लेट, सगळ्या जगासाठी. ती आता सीटखाली अशा कोनात आत वळवलीय, की नंबर वाचायचा तर सांताक्रूझला उतरणाऱ्या विमानात खिडकीची जागा मिळवावी लागेल. गाडीवर दुसऱ्यासाठी म्हणून जे जे होतं ते ते निघालं, आणि जे जे लागलं ते लोकांनी बघावं म्हणून. याच्यापेक्षा जुनी पिढी बरी. तेव्हाची पोरं ४१४१ चं 'दादा' आणि २१४ चं 'राम' करून घ्यायची. म्हणजे नंबर वाचता येत नसला तरी वाचायला काहीतरी असायचं.

ढिगात सगळ्यात खाली साडी गार्ड होतं.

साडी गार्डवर कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, नियम क्रमांक १२३. मोटरसायकलला धरायला दांडी हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निदान अर्धं मागचं चाक झाकणारं संरक्षण हवं. सबंध नियमावलीत पदर, ओढणी, सोगा यांची काळजी असलेली ही एक जागा. परदेशातली सुंदर गाडी इथे आली की तिच्या कमरेला हा लोखंडी पिंजरा लावतात आणि सगळे हळहळतात. दिसतो तो कुरूपच. त्यात वाद नाही. पहिला बोल्ट नेहमी त्याचाच सुटतो.

कायद्याचं मी भाच्याला सांगून पाहिलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, की कंपनीने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यातलं कलम १८२ अ नव्याने लिहिलं गेलं. त्यात अशा बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार दंड. मी बोटं मोजू लागलो. पहिल्या हाताची संपली तेव्हा पंचवीस हजार झाले होते. भाचा म्हणाला, "मामा, तुझा दुसरा हात खिशात ठेव." नाकाबंदी दिसली की तो उतरून गाडी ढकलत नेतो. पांढरा शर्ट दिसला की हायाबुसा गरीब होते. आवाजाचं म्हणाल तर मुंबई पोलिसांनी २०२० च्या सुरुवातीला एका गमतीदार सिग्नलचा व्हिडिओ दाखवला होता, हॉर्नचा गलका ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू. तसा सिग्नल वाकोल्यात लावला तर भाच्याच्या मागचे लोक घरी जेवायलाच पोचायचे नाहीत.

आता माझ्याकडे बोट दाखवाल म्हणून आधीच सांगतो. आमच्या बाबांची चेतक होती आणि बाबांनीही तिला नटवली होती. चारी बाजूंनी स्टीलचे गार्ड, म्हणजे स्कूटर कमी आणि पलंग जास्त. स्टेपनीला रेक्झिनचं कव्हर, त्यावर झालर. पुढे जाळीची पिशवी, त्यात कोथिंबीर. पण डाव्या बाजूला आईसाठी रुंद फूटरेस्ट होतं आणि पुढे माझ्यासाठी छोटी सीट, जिच्यावर बसून मी आख्ख्या सांताक्रूझला हॉर्न ऐकवला. चव तेव्हाही यथातथाच होती. माणसं मात्र चार बसत. (नियमाने दोनच बसायला हवी होती, हे बाबांना सांगायला तेव्हा कुणी मामा नव्हता.)

आणि गाडी मनासारखी करून घेणं यात वाईट काही नाही. मुंबईतले अक्षय वर्दे रॉयल एनफिल्डवर ज्या गाड्या घडवतात त्या पाहाव्यात. नावसुद्धा 'वर्देंची'. मोटरसायकल स्त्रीलिंगी, म्हणून 'ची'. इतका साधा मराठी षष्ठीचा प्रत्यय मी कुठल्या टाकीवर पाहिला नव्हता. तिथे आधी आराखडा असतो, मग वेल्डिंग. 'बैठ जाएगा' नसतं. आणि रोज रात्री वाकोल्यात जेवणाचे डबे पोचवत फिरणारी ती पोरं बघा. मोबाइल होल्डरवर दुधाच्या पिशवीचं पावसाळी आवरण, सीटवर दुहेरी घडीची चादर, हँडलला सायकलच्या ट्यूबची गुंडाळी. कस्टम गाडी म्हणतात ती हीच. तिचा फोटो कुणी काढत नाही.

पहिल्याच मोठ्या पावसात एका न दिसलेल्या स्पीडब्रेकरवर बेली पॅन गेलं. दुसऱ्या आठवड्यात चोचीचा झिप टाय तुटला आणि ससाण्याने मान टाकली. भाचा नवं किट बघतोय, या वेळी काळं.

ताई त्या गाडीवर एकदाच बसली, म्हणजे बसायला गेली. पदर खोचला, धरायला दांडी शोधली, चाकाकडे पाहिलं आणि खाली उतरली. दर गुरुवारी ती दत्त मंदिराला रिक्षाने जाते. साडी गार्ड मात्र तिने भंगारवाल्याला देऊ दिलं नाही. गॅलरीच्या ग्रिलला तारेने बांधलंय आणि त्यावर ओटा पुसायची फडकी वाळत घालते. मी विचारलं तर म्हणाली, "चांगलं मजबूत आहे. कंपनीचं आहे."