आगे चलो, टोकियो!

बोरिवलीच्या माणसाला गर्दीची भीती घालणं म्हणजे कोळ्याच्या पोराला पाण्याची भीती घालणं. तरी आमच्या चिरंजीवांनी बजावलंच, “बाबा, टोकियोत सकाळी तोझाई लाइनने जाऊ नका. फार गर्दी असते.” चर्चगेट फास्टमध्ये उभी नोकरी, अक्षरशः उभी, काढलेल्या बापाला हे सांगायचं!

चिरंजीव राहतात एदोगावा वॉर्डातल्या निशि-कासाईला. २००० सालच्या ‘वाय-टू-के’च्या धांदलीत कॉम्प्युटरवाले भारतीय तिथे उतरले आणि रुजले. २०१९ मध्ये तर अंबरनाथला जन्मलेले योगेंद्र पुराणिक तिथल्या वॉर्डाच्या सभागृहात निवडून आले. आमच्या सेंट्रलचा माणूस तिथे निवडणूक जिंकतो, आणि वेस्टर्नच्या माणसाने नुसतं गाडीत चढायचं नाही?

चढलो. म्हणजे चढवला गेलो. पांढरे हातमोजे घातलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याने अदबीने आत ढकललं. आपल्याकडे हे काम मागचे प्रवासी फुकटात करतात, तेही हातमोज्यांशिवाय.

गर्दी आमच्या तोडीची होती, हे कबूल. पण आवाज? डब्यात कोणी गेलंय की काय, अशी शांतता. ‘आगे चलो’ नाही, ‘बॅग पुढे घ्या’ नाही, भजन नाही, पत्ते नाहीत. फोन असून कोणी फोनवर बोलत नाही. ‘कुठे उतरणार?’ असं बसलेल्याला विचारायची पद्धत नाही. सीट रिकामी झाली की जवळ जो असेल तो बसतो. आमच्याकडे अंधेरी यायच्या आत सीटचे वारस ठरलेले असतात आणि त्यावरून वादही झालेले असतात.

एवढ्यात एका सुटातल्या गृहस्थांचा बूट माझ्या पायावर पडला. माझ्या जिभेवर ‘एवढं असेल तर टॅक्सीने जा’ तयार होतं. पण हे गृहस्थ मिळेल तेवढ्या जागेत मान लववून माफी मागू लागले. आता भांडणार कोणाशी? दोन स्टेशनं सहज निघाली असती, तो ऐवज तसाच गिळावा लागला.

माफीचं त्या लोकांना वेडच. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्सुकुबा एक्स्प्रेसची एक गाडी २० सेकंद लवकर सुटली म्हणून कंपनीने जाहीर माफी मागितली. २० सेकंद! तेवढ्यात आम्ही दादरला उतरून, पाकीट चाचपून, समोरच्या फलाटावर गाडी लागलीय का तेही बघून होतो.

सौभाग्यवती महिलांच्या डब्यात होत्या. ओतेमाचीला उतरल्या त्या घुश्शातच.

“काय झालं गं?”

“अहो, आख्ख्या डब्यात एकीने विचारलं नाही, कुठल्या तुम्ही म्हणून. कोणी साधी कोथिंबीर निवडत नव्हतं!”

“मग?”

“मग काय, शेजारच्या बाईला डब्यातला बेसनाचा लाडू दिला. तिने दोन्ही हातांनी घेतला आणि वाकली. मग मी वाकले. मग पुन्हा ती. स्टेशन येईपर्यंत तेच.”

“एवढ्या गर्दीत वाकायला जागा कुठे होती?”

“सरकल्या की सगळ्या. मी म्हटलं, जरा आगे चलो.”