न दिलेल्या परीक्षेचे मानकरी

अशी बॅच पुन्हा होणे नाही, हे वाक्य दहावीच्या निरोप समारंभात दरवर्षी ऐकू येतं, आणि पुढच्या वर्षी तेच सर तेच वाक्य पुढच्या बॅचला ऐकवतात. आमच्या, म्हणजे 2021च्या बॅचबद्दल मात्र बोर्डानेच ते आकड्यानिशी सिद्ध केलं. निकाल 99.95 टक्के, कोकण विभागाचा तर शंभर. बोर्डाची स्थापना 1966ची. इतकी वर्षं परीक्षा घेऊन जे साधलं नाही, ते एकदा परीक्षा न घेता साधलं. निरोप समारंभ तेवढा राहून गेला, म्हणून हे चार शब्द उशिरा.

हे यश एका रात्रीत मिळालेलं नाही. तयारी पहिलीपासूनची. शिक्षणहक्क कायदा 2010 साली लागू झाला आणि पाठोपाठ आम्ही शाळेत दाखल झालो. आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही, हा नियम आम्ही आठ वर्षं कसोशीने पाळला. नववीत पहिल्यांदा नापास होण्याची सोय होती, म्हणून घरच्यांनी क्लास लावला. वार्षिक परीक्षा तोंडावर आली आणि टाळेबंदी लागली. परीक्षा रद्द; पहिल्या सत्राच्या गुणांवर आम्ही दहावीत. तेव्हा आमच्या पुढच्या बॅचचा भूगोलाचा एकच पेपर उरला होता. तोही रद्द झाला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून भूगोलाचे गुण मिळाले. ज्याचं बीजगणित चांगलं त्याला मोसमी वारेही चांगले कळतात, हा सिद्धान्त तेव्हाच मान्य झाला. त्यांनी एक पेपर न देऊन दाखवला. आम्ही सगळे.

दहावी म्हणजे आयुष्याला वळण देणारं वर्ष. ते आम्ही बाबांच्या फोनवर काढलं. बाबा कामाला निघाले की शाळा सुटायची. ‘सर, आवाज येत नाही’ हे वाक्य वर्गात सगळ्यांना पाठ होतं. ज्यांना आवाज येत होता त्यांना जरा जास्तच. गूगल मीटवर सुरुवातीला कुणीही कुणालाही म्यूट करू शकायचं. वर्गात शांतता राखण्याचं काम सरांकडून आमच्याकडे आलं ते असं. मागच्या बाकावरच्यांना पूर्वी वर्गात बसून वर्गाबाहेर राहायला केवढी मेहनत पडायची! आम्ही कॅमेरा बंद केला. काहींच्या घरी फोनच नव्हता, त्यांना आवाज येत नसल्याची तक्रारही कधी करावी लागली नाही. सरकारने अभ्यासक्रम 25 टक्के कमी केला. कुठले धडे गेले हे पाहायला पुस्तक उघडावं लागलं असतं, म्हणून आम्ही सरकारवर विश्वास ठेवला.

एप्रिलमध्ये परीक्षा रद्द झाली आणि सूत्र ठरलं: 50 गुण नववीच्या निकालाचे, 30 दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे, 20 तोंडी, प्रात्यक्षिक वगैरेंचे. म्हणजे दहावीत आम्ही काय दिवे लावले, याचा निम्मा निकाल आम्ही दहावीत जाण्याआधीच लागला होता, आणि तोही अर्ध्याच झालेल्या नववीवरून. अर्थात बोर्डाची वाटचाल आधीपासून याच दिशेने होती. 2019 साली भाषा आणि सामाजिक शास्त्रांतले शाळेच्या हातातले 20 गुण काढून घेतले, तर निकाल 89.41 वरून 77.10 टक्क्यांवर घसरला. ते परत दिले, तर 2020 साली 95.30. मुलगा स्वतः जितकं कमी लिहील तितका निकाल चांगला, हे दिसतच होतं. मुलाला पूर्णच बाजूला काढायचं धाडस तेवढं बाकी होतं.

16 जुलैला निकाल लागला आणि संकेतस्थळ बंद पडलं. पास होणार हे आधीच ठाऊक असलेली 15 लाखांवर मुलं, पास झालो का, हे बघायला एकदम तिथे गेली होती. पुढचा प्रश्न अकरावीचा. त्यासाठी 21 ऑगस्टला सीईटी ठरली, ऐच्छिक. परीक्षेला जमणं धोक्याचं म्हणून जी मुलं घरी बसवली, त्यांनीच केंद्रावर जमून दहावीच्याच अभ्यासावर परीक्षा द्यायची. आम्हाला ही योजना भव्य वाटली. उच्च न्यायालयाला वाटली नाही. 10 ऑगस्टला तीही रद्द. अकरावीच्या उंबरठ्यावर आमच्या नावावर न दिलेल्या परीक्षा तीन झाल्या.

बोर्डाने नंतर 415 रुपये परीक्षा शुल्कातले 59 रुपये परत करायचं ठरवलं. उरलेल्या 356 रुपयांचं काय, असं काही पालक विचारत होते. परीक्षा न घेण्यालाही खर्च येतो, हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी आयुष्यात एकही परीक्षा रद्द केलेली नाही.

आता गुणपत्रिकेवरचं साल पाहून लोक ‘कोरोना बॅच का?’ म्हणतात आणि गालात हसतात. हसोत. आमची खंत निराळी आहे. 99.95 टक्क्यांच्या कौतुकात उरलेल्या 0.05 टक्क्यांकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. 15 लाखांतले काही शे जण. प्रश्नपत्रिका नाही, पर्यवेक्षक नाही, भरारी पथक नाही. पेपर अवघड गेला म्हणावं तर पेपरच नाही. आणि तरी नापास. एकाही क्लासने त्यांचे फोटो फ्लेक्सवर लावले नाहीत. त्यांच्यासाठी पुढे पुरवणी परीक्षा झाली. खरीखुरी: बैठक क्रमांक, केंद्र, घंटा, उत्तरपत्रिका. आमच्या बॅचमध्ये दहावीचा पेपर कुणी लिहिला असेल, तर तो त्यांनीच.