डाव्या तर्जनीची गोष्ट

पाणी आणि मत यांतलं एक काहीतरी निवडायची वेळ माणसावर येते, असं नागरिकशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. मला खात्री आहे, कारण ते पुस्तक मी एकतीस वर्षं शिकवलंय.

२० नोव्हेंबर २०२४, बुधवार. विधानसभेचं मतदान, सकाळी सात ते संध्याकाळी सहा. अकरा तास म्हणजे केवढा वेळ! तेवढ्यात माणूस सोलापुराहून मुंबई गाठून, तिथं वडापाव खाऊन परतीच्या वाटेलाही लागतो. मला मात्र जुळे सोलापुरातून बाळीवेशीपर्यंत पोचता आलं नाही.

आता जुळे सोलापुरात राहणाऱ्याचं मत बाळीवेशीत कसं, हा प्रश्न रास्त आहे. घर बदलून नऊ वर्षं झाली. मतदारयादीतला पत्ता बदलायचा तर नमुना आठ भरावा लागतो, हे मी आजवर निदान शंभर जणांना बजावून सांगितलंय. चार-पाच जणांचा तर स्वतः बसून भरून दिलाय. त्यातलाच एक आमच्या हिचा. त्यामुळे ती सकाळी आठला गल्लीच्या टोकावरच्या शाळेत गेली, मत टाकलं, येताना कोथिंबीर घेऊन आली आणि बोटाची शाई दाखवत म्हणाली, "अहो, तुम्ही कधी निघताय?"

"सकाळी गर्दी असते," मी म्हणालो. "अनुभवी माणूस दुपारी जातो."

अनुभव मला होता, हे खोटं नाही. नोकरीत असताना आठ निवडणुकांची ड्यूटी केली. बहुतेक वेळा मतदान अधिकारी क्रमांक दोन, म्हणजे शाई लावणारा. डाव्या हाताची तर्जनी, नखाच्या वरच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत सरळ रेघ. हजारो बोटं रंगवली असतील मी. चादरीच्या कारखान्यातली सूत ओढून ओढून चिरलेली बोटं, पूर्व भागातल्या आज्यांची विड्या वळून पिवळी पडलेली बोटं. माणसाचा चेहरा न बघता नुसत्या बोटावरून धंदा ओळखायचो. ही शाई म्हैसूरच्या कारखान्यात होते, १९६२ च्या निवडणुकीपासून वापरात आहे, तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं आणि ऊन लागलं की ती काळी पडते. हे सगळं मी कुणीही न विचारता सांगत असतो.

तर दुपारी जायचं म्हणून सकाळी कट्ट्यावर गेलो. आमचा कट्टा म्हणजे विजापूर रोडवरची एक चहाची टपरी. तिथं एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर असतात, टॉवेलचा कारखाना असलेले शेठ असतात, एक मेडिकलवाला असतो आणि मी. मी तिथं विश्लेषक. ही जागा मला कुणी दिलेली नाही, मीच घेतली आहे. माझं रेकॉर्ड सांगायला हरकत नाही. मे महिन्यात लोकसभेला सोलापुरातून भाजप निवडून येणार, असं मी छातीठोक सांगितलं. ४ जूनला काँग्रेसच्या प्रणिती शिंदे चौऱ्याहत्तर हजारांनी निवडून आल्या. त्यानंतर पाच महिने मी त्या निकालाची कारणं समजावून सांगत होतो. मग चूक सुधारावी म्हणून विधानसभेला वारं भाजपच्या उलटं आहे, असं जाहीर केलं. शहर उत्तर, शहर मध्य, दक्षिण, तिन्ही जागांचा हिशेब त्या सकाळी साखरेच्या कागदावर मांडून दाखवला. निकाल काय लागला ते येईलच पुढं.

साडेबाराला घरी आलो. शेंगा चटणी, दही, कडक भाकरी. पोटात भाकरी गेल्यावर लोकशाही थोडा वेळ थांबू शकते, अशा विचारानं आडवा झालो. चारच्या सुमाराला हिनं हलवून उठवलं.

"अहो, पाणी आलंय!"

आमच्या भागात पाणी चार-पाच दिवसांनी येतं. बाहेरगावच्या माणसाला याचा अर्थ कळत नाही. उजनी एकशे सतरा टीएमसीचं धरण, त्या पावसाळ्यात काठोकाठ भरलेलं. पण आमचा संबंध उजनीशी नसतो, चावीवाल्याशी असतो. तो कधी व्हॉल्व्ह फिरवेल, हे एक्झिट पोलवाल्यांनाही सांगता येणार नाही. पाणी आलं की सोलापूरकर कपाळाचं गंध अर्धवट टाकून धावतो. हौद, टाकी, पिंप, कळशा, कुकरसुद्धा भरून झाले तेव्हा पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती. स्कूटर काढली. पुढं आडवा टँकर, मग गुरं, मग एका उमेदवाराच्या गाड्यांचा ताफा. मतदान केंद्राच्या फाटकाशी पोचलो तेव्हा घड्याळात सहा वाजून नऊ मिनिटं.

कायदा मला पाठ होता. सहाच्या ठोक्याला रांगेत जे असतील त्यांना शेवटच्या माणसापासून पुढं चिठ्ठ्या वाटत यायचं आणि मागून कुणाला घुसू द्यायचं नाही. २००४ साली मी स्वतः एका म्हाताऱ्याला वेळ संपल्यावर चारच मिनिटांनी परत पाठवलं होतं, वर "शिस्त म्हणजे शिस्त, आजोबा" असंही सुनावलं होतं. फाटकावरचा पोलीस हवालदार पुढं झाला आणि माझ्या पाया पडला.

"सर! दहावी क."

"अरे वा. जरा आत सोड की."

त्याचा चेहरा कसनुसा झाला. "सर, तुम्हीच शिकवलंय ओ. मतदानाची वेळ, प्रश्न चौथा. त्यात मला पाचपैकी पाच दिले होते तुम्ही."

एकतीस वर्षांत एकाच मुलाच्या डोक्यात काहीतरी शिरलं होतं, आणि तोच नेमका बंदोबस्ताला.

परतताना चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून आलो. १९३० साली या गावानं तीन-चार दिवस इंग्रजांचं राज्य झुगारून दिलं, त्यापायी मार्शल लॉ सोसला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे फासावर गेले. दर वर्षी मी पोरांना इथं आणून भाषण करायचो. त्या संध्याकाळी मान खाली घालून स्कूटर जरा जोरात काढली.

घरी आल्यावर मात्र खरी पंचाईत ध्यानात आली. उद्या सकाळी कट्ट्यावर सगळे बोट दाखवणार. टपरीवाल्यानं पाटी लावली होती : शाई दाखवा, चहा फुकट. आणि माझी तर्जनी नुकत्याच न्हालेल्या बाळासारखी स्वच्छ. रात्री हिचा डोळा लागल्यावर मी घरात शाई शोधायला लागलो. बॉलपेन पुसलं जातं. स्केचपेन जांभळं दिसतं. शेवटी माळ्यावरच्या डब्यात, सुंठ-पिंपळीच्या पुरचुंडीत, आईच्या वेळचे चार बिब्बे सापडले. माझं डोकं झळाळलं. पूर्वी धोबी कपड्यांवर खूण करायचे ती बिब्ब्यानंच! शंभर धुण्यांत न जाणारी. सुई तापवली, बिब्ब्यात खुपसली, आणि नखाच्या वरच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत सरळ रेघ ओढली. हात सराईत होता. म्हैसूरवाल्यांनी बघितलं असतं तर कंत्राट दिलं असतं.

गुरुवारी चहा फुकट प्यायलो. एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. कंडक्टरसाहेब म्हणाले, "सर, तुमची शाई जरा जास्तच काळी दिसायलीय." लगेच मी सिल्व्हर नायट्रेटवर दहा मिनिटं बोललो. मग शहरातल्या उदासीन मतदारांवर. मग आवाज चढवून, "ज्यानं मत टाकलं नाही त्याला रस्त्यावरच्या खड्ड्याबद्दलसुद्धा तोंड उघडायचा हक्क नाही!" टॉवेलवाल्या शेठना सुतकामुळं जाता आलं नव्हतं. ते बिचारे खाली बघत बसले आणि स्वतःच्या चहाचे पैसे देऊन गेले.

शुक्रवारी बोट खाजायला लागलं. शनिवारी, निकालाच्या दिवशी, सकाळी उठून बघतो तर तर्जनीच्या जागी फुगलेलं वांगं, वर साबुदाण्यासारखे फोड. तिकडं टीव्हीवर महायुती सव्वादोनशेच्या पुढं निघाली होती. भाजप एकटा १३२. आमच्या शहरातल्या तिन्ही जागा भाजपच्या. साखरेच्या कागदावरचा माझा हिशेब पुन्हा एकदा साफ चुकला होता. पण कट्ट्यावर त्याबद्दल एका शब्दानं कुणी विचारलं नाही. सगळे माझ्या बोटाकडं बघत होते. बाहेर पोरगा लिंबू-मिरची-बिब्बा ओवलेली माळ विकत फिरत होता. मी त्याच्याकडं पाठ करून बसलो.

"काय झालं ओ सर?"

"शाई..." मी म्हणालो, आणि तिथं थांबलो. इतकंच. बाकीचं त्यांनी पूर्ण केलं. मेडिकलवाल्यानं फोटो काढला. संध्याकाळपर्यंत मजकूर गावभर : 'सोलापुरात निवृत्त शिक्षकाच्या बोटाला निवडणुकीच्या शाईनं जखम! केमिकलची भेसळ? जास्तीत जास्त लोकांना पाठवा.' रात्री पुण्याहून मुलाचा फोन. "बाबा, बोट दाखवा आधी. तुमच्याकडं कुणा मास्तराचं बोट सडलंय म्हणे."

एकदा पुराव्याचा दर्जा मिळाला की माणसाला तो सोडवत नाही. कट्ट्यावरचे एरवी निकालावर भांडायचे. लाडक्या बहिणीच्या दीड हजारानं झालं, असं एक जण. नाही, जातीच्या गणितानं, असं दुसरा. मशीननं, असं तिसरा. आता भांडण संपलं की तिघंही माझ्या बोटाशी येऊन थांबायचे. ज्याला जे सिद्ध करायचं असेल ते माझ्या फोडांवरून सिद्ध व्हायचं. मी गप्प. माझ्या विश्लेषक कारकिर्दीतला हा पहिला मौनाचा आठवडा.

तेवढ्यात मारकडवाडी आली. माळशिरस तालुक्यातलं हे गाव त्या आठवड्यात देशभर गाजलं. मतदारसंघात निवडून आले शरद पवार गटाचे उत्तम जानकर, तेही तेरा हजारांवर मतांनी. पण या एका गावात त्यांना ८४३ मतं आणि भाजपच्या राम सातपुतेंना १००३. हे पटत नाही म्हणून ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर पुन्हा मतदान करून बघायचं, असं जानकरांना मानणाऱ्या गावकऱ्यांनी ठरवलं. हरलेला आकांत करतो हे आपण जन्मभर बघितलं. जिंकलेल्याच्या माणसांनी फेरमतदानाला बसावं हे नवलच. प्रशासनानं जमावबंदी लावली, पोलीस आले आणि तो बेत गावकऱ्यांना सोडावा लागला.

मी मतपत्रिका मोजलेला माणूस आहे. १९९५ साली पहाटे चारपर्यंत टेबलावर गठ्ठे बांधत होतो. त्या शिक्क्याची फुली मुद्दाम तशी बनवलेली, की घडीवर शाई उमटली तरी खरा ठसा कुठला आणि पडछाया कुठली ते कळावं. तरीही भांडणं व्हायचीच. एका मतपत्रिकेवर झाडून सगळ्या उमेदवारांसमोर शिक्का होता. कुणाला वाईट वाटायला नको! ते मत आम्ही बाद केलं, पण त्या मतदाराशी माझी सोयरीक जुळली असती. हे सगळं मी कट्ट्यावर सांगणार होतो, पण कंडक्टरसाहेब भलत्याच जोशात होते.

"सर, गाडी ठरवू. मारकडवाडीला जाऊ. टीव्हीवाले तिथंच आहेत. तुमचं बोट दाखवू."

"शंभरावर किलोमीटर आहे ओ."

"देशासाठी जायचंय की!" मेडिकलवाला म्हणाला. "फक्त आधी डॉक्टरचं सर्टिफिकेट घेऊ. शाईमुळं म्हणून लेखी पाहिजे."

मला नको म्हणता आलं नाही. चौघं त्वचेच्या डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टर वयस्कर बाई होत्या. त्यांनी चश्मा वर सारला, बोट उजेडात धरलं, आणि माझ्याकडं न बघता कंपाउंडरला हाक मारली, "अरे, बघून जा, हल्ली बघायला मिळत नाही. बिब्बा उतलाय." मग माझ्याकडं वळून अगदी मायेनं, "घरात बाळंतीण आहे का?"

टॉवेलवाले शेठ भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. मेडिकलवाला म्हणाला, "बिब्बा?" कंडक्टरसाहेबांनी बत्तीस वर्षं बिनतिकीट प्रवासी पकडले होते. त्यांनी फक्त माझं बोट पुन्हा एकदा हातात घेतलं, रेघ कुठून कुठपर्यंत आहे ते बघितलं आणि म्हणाले, "एकदम मापात ओढलीय ओ सर."

घरी हिला सांगितलं तर ती हसलीही नाही. तीळ आणि खोबरं वाटायला घेत म्हणाली, "मला त्या रात्रीच कळलं होतं. सुई जागेवर नव्हती. जन्मभर दुसऱ्यांच्या कामात बिब्बा घालत आलात, म्हटलं, एकदा स्वतःच्याला घालून बघू देत."

दोन आठवडे कट्ट्याकडं फिरकलो नाही. मग हुरड्याचे दिवस आले आणि राहवेना. गेलो. कुणीच काही बोललं नाही, उलट शेठनी सरकून जागा दिली. चहा झाला. पैसे द्यायला उठलो तर टपरीवाल्यानं उधारीची वही उघडून माझं पान पुढं केलं. खाली ताज्या अक्षरात एक ओळ होती : गुरुवार, चहा एक, बिब्बा.